काचघरातील बाक

घराला लागून काचेची एक खोली बांधावी आणि तिच्यात बसून मिळेल तेवढे ऊन अंगावर घ्यावे, ही इंग्रजांची जुनी हौस आहे. तिला ते ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणतात. जपून ठेवण्याची जागा, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. काय जपावयाचे, हे मात्र काळाप्रमाणे बदलत गेले. प्रथम तेथे संत्र्यालिंबांची झाडे आली, मग ताड, नेचे आणि ऑर्किड. आणि गेल्या काही दशकांत झाडांना बाजूला सारून माणसेच तेथे येऊन बसली. मराठीत या खोलीला काचघर म्हणावे हे बरे. हरितगृह म्हटले की रोपांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात आणि बसावयाला जागाच उरत नाही.

लेस्टर शहरातील एका मराठी कुटुंबाने असे काचघर बांधून घेतले. घरात माणसे दोनच, पती आणि पत्नी. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. काचघर बांधले ते मुलाने आपल्या आईसाठी. आई रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी एकट्या राहत. वय ऐंशीच्या घरात, प्रकृती वयाच्या मानाने ठणठणीत, गुडघे तेवढे कुरकुरणारे. त्या येतील, थंडीने गारठतील, दिवसभर एका खोलीत कोंडल्यासारखे त्यांना वाटेल; तेव्हा त्यांच्यासाठी उन्हाची एक ओटी असावी, अशी मुलाची कल्पना. दक्षिणेकडे तोंड असलेली ही खोली एका वसंतात उभी राहिली. फरशी बसली, काचा पुसून झाल्या, आणि मग त्या रिकाम्या, लख्ख खोलीत काय ठेवावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. तो वाटला होता त्याहून अवघड निघाला.

दुकानांत याचे उत्तर तयार असते. काचघर म्हटले की वेताचे सामान, हे समीकरण तेथे इतके पक्के आहे की विक्रेत्याला दुसरे काही सुचतच नाही. दोघांची एक बैठक, दोन खुर्च्या, काचेच्या पृष्ठाचे ठेंगणे मेज, आणि फुलापानांच्या कापडाच्या जाड गाद्या. मुलाला ते पाहताक्षणी आवडले. आपल्याकडचे वाटते, असे तो म्हणाला. सून काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्याकडचे आहे खरे, पण आपल्याकडच्या कुणाचे?”

तिच्या प्रश्नात इतिहास होता. वेत ही बांबूची जात नव्हे. बांबू हे गवत, आतून पोकळ. वेत ही ताडाच्या कुळातील वेल, आतून भरीव. म्हणूनच तो वाकवता येतो, पण मोडत नाही. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांतही तो वाढतो. परंतु जगाच्या बाजारातील वेत मुख्यतः मलाया आणि त्या पलीकडच्या बेटांतून गेला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून तो लंडनला पोहोचला, आणि त्याच्या सालीची जाळी विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या तेथे लोकप्रिय झाल्या. हलक्या, स्वस्त, आणि कसर न लागणाऱ्या. पुढे साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा तोच वेत त्याला बंगल्याच्या व्हरांड्यात भेटला. पाय पसरून ठेवण्यासाठी लांबवलेले हात असलेली ती आरामखुर्ची मळेवाल्यांनी, कलेक्टरांनी आणि त्यांच्यामागून आपल्या मामलेदारांनी व वकिलांनी उचलली. कोकणातील पुष्कळ जुन्या घरांच्या ओटीवर ती अजून आढळते.

या कुटुंबाच्या मूळ घरीही ती होती. मुलाच्या आजोबांची. त्यांच्यामागे वडिलांची. सुनेने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या घरात पाहिले होते की ओटीवर कुणी नसले तरी आई त्या खुर्चीत बसत नसत. कुणी मनाई केली होती असे नव्हे. खुर्ची रिकामी असे, आणि आई तिच्या शेजारून केर काढीत पुढे जात. त्यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या: स्वयंपाकघरात पाट, मागील दारी पायरी, आणि दुपारी पुरुषमंडळी वामकुक्षीला गेली की पडवीतला झोपाळा. वेताची खुर्ची आपल्याकडची खरी. पण ज्या व्यक्तीसाठी ती घ्यावयाची होती, ती व्यक्ती सारे आयुष्य तिच्या शेजारून केर काढीत गेली होती.

भाषेतही हा भेद दिसतो. खुर्ची अरबी ‘कुर्सी’वरून आली, मेज फारसीतून, बाक पोर्तुगिजांकडून. जमिनीपासून उंच बसण्याच्या आणि पुढ्यात काही मांडून घेण्याच्या या वस्तू नावांसह दरबारातून, कचेरीतून आणि चर्चमधून आपल्याकडे आल्या. पाट, चौरंग, खाट, झोपाळा हे घरातले शब्द. बाहेरून आलेल्या शब्दांना मराठीने कधीच परके मानले नाही. परंतु बाहेरून आलेल्या आसनांवर घरातील सर्वच माणसांना एकाच वेळी जागा मिळाली, असे म्हणता येणार नाही.

झोपाळ्याचा विचार मुलाने आधीच करून पाहिला होता. सागवानी फळी, पितळी कड्या, सारे मागवता आले असते. परंतु काचघराचे छप्पर स्वतःचा आणि हिवाळ्यातील बर्फाचा भार सोसण्यापुरतेच असते. त्यात झोके घेणाऱ्या माणसाचे वजन टांगण्याची सोय नसते. गावच्या घराला आढे होते, तुळया होत्या, त्यांना कड्या होत्या. येथे वर पाहिले की ढग. जमिनीवर उभा राहणारा लोखंडी चौकटीचा झोपाळा मिळतो. पण त्याने निम्मी खोली अडली असती, आणि आईंना चढता-उतरताना धरावयाला काही राहिले नसते.

वेताला आणखी एक अडचण होती. काचघरातील हवा ही घरातली हवा नव्हे. जून-जुलैच्या स्वच्छ दुपारी दारे उघडल्याखेरीज तेथे बसवत नाही, आणि जानेवारीच्या पहाटे आतल्या काचांवर दवाचे ओघळ असतात. अशा खोलीत वेत कोरडा पडतो, ठिसूळ होतो, कुरकुरू लागतो. गाद्यांचे रंग दोन उन्हाळ्यांत उडतात. हिवाळ्यात त्याच गाद्यांना दमट वास येतो. म्हणून दुकानदार हल्ली प्लास्टिकच्या धाग्याचा ‘वेत’ पुढे करतात. त्याहून जुनी आणि गमतीदार युक्ती अमेरिकेतील मार्शल बर्न्स लॉइड याची. त्याने १९१७ साली चिवट कागद पिळून त्याचे धागे केले, काहींच्या पोटात तार घातली, आणि त्या कापडासारख्या विणीने खुर्च्या मढवल्या. १९२२ पासून लंडनमध्येही त्या होऊ लागल्या. वेताच्या असाव्यात अशा दिसणाऱ्या कागदाच्या खुर्च्या! सुनेला त्या आवडल्या. पण त्यांचीही बैठक आईंच्या मानाने उंच होती.

उंचीचा मुद्दा आईंनीच काढला होता. टेलिफोनवर मुलाने मोठ्या उत्साहाने विचारले, “आई, तुला कसली खुर्ची हवी? वेताची घेऊ की लाकडी?” त्या म्हणाल्या, “मला काय रे, कशीही चालेल. पाय मात्र भुईला टेकले पाहिजेत.” आणि विषय बदलून त्यांनी शेजारच्या फणसाचे वर्तमान सांगितले.

मुलाला ते नेहमीचे नको-नको वाटले. सुनेला तसे वाटले नाही. आई उंचीने पाच फुटांना दोन इंच कमी. साधारण खुर्चीची बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच असते आणि तिची खोलीही त्याच बेताची. काचघरासाठी केलेल्या खुर्च्या त्याहून खोल, कारण त्यांत रेलून वाचावे अशी अपेक्षा असते. ठेंगणे माणूस अशा खुर्चीत मागे टेकून बसले की पाय लोंबकळतात, मांडीला कड रुतते, आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. पुढे सरकून बसले तर पाठीला आधार राहत नाही. दुकानात त्या सुंदर खुर्च्यांवर एकेक करून बसताना सुनेने प्रथमच ध्यानात घेतले की पुष्कळशा खुर्च्या कुणीतरी उंच माणसाने स्वतःच्या मापाने कल्पिलेल्या असतात; इतरांनी त्यांत आपापले अंग सावरून घ्यावयाचे असते.

तिने गावी शेजारच्या मुलीला फोन केला. शिंप्याच्या टेपने पडवीतल्या झोपाळ्याची भुईपासूनची उंची मोजून सांग म्हटले. ती निघाली सव्वा फूट. पंधरा इंच.

या वेळेपर्यंत दुसरीही एक मोजणी होऊन चुकली होती, आणि ती मुलाने पत्नीलाही पुरती सांगितली नव्हती. काचघर बांधताना आई कायमच्या येतील असे त्याने मनाशी धरले होते. परंतु ९ जुलै २०१२ पासून ब्रिटनने परावलंबी प्रौढ नातलगांना आणण्याचे नियम फार कडक केले. वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे त्या व्यक्तीला रोजच्या साध्या गोष्टींसाठीही दीर्घकाळ दुसऱ्याच्या मदतीची गरज असली पाहिजे; आणि तशी मदत तिच्या देशात, येथून पैसे पाठवूनसुद्धा, मिळण्याजोगी नसली पाहिजे. स्वतःचे पाणी स्वतः भरणारी, फणसाची चौकशी करणारी आई या कसोटीला उतरत नव्हती. ती आजारी पडेपर्यंत थांबावे, असा कायद्याचा अर्थ होत होता. आणि आजारी पडल्यावरही गावात पैसे देऊन माणूस मिळतेच. उरला पाहुण्यांचा परवाना. एका भेटीस जास्तीत जास्त सहा महिने.

काचघराची कुळकथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. उष्ण देशांतून आणलेल्या पाहुण्यांसाठीच तर ही वास्तू जन्माला आली. सतराव्या शतकातील श्रीमंतांची नारिंगघरे म्हणजे संत्र्याच्या कुंड्यांची हिवाळ्यातील धर्मशाळा. उन्हाळा आला की कुंड्या बाहेर, थंडी पडली की आत. पुढे लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरच्या १८२९ मध्ये ध्यानात आले की बंद बाटलीत नेच्याचे रोप स्वतःच्याच ओलाव्यावर जगते. आणि त्यावरून निघालेल्या काचेच्या पेट्यांतून रोपे महिनोन्‌महिने समुद्रप्रवास करू लागली. चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर आली ती अशाच पेट्यांतून. जोसेफ पॅक्स्टनने चॅट्सवर्थ येथे १८३६ ते १८४० या काळात उभारलेल्या प्रचंड काचगृहात ताडांना ऊब मिळावी म्हणून आठ बॉयलर जळत. १८४५ साली काचेवरील कर उठला आणि मध्यमवर्गालाही काचेची हौस परवडू लागली. १८५१ चा स्फटिकमहाल हा त्याच पॅक्स्टनचा, आणि त्याचा नमुना पुढे ठेवून १८८९ मध्ये बंगळूरच्या लालबागेत काचगृहाची पायाभरणी झाली. जेथे झाडांना उबेची गरजच नव्हती, तेथे त्यात फुलांची प्रदर्शने भरू लागली. चॅट्सवर्थच्या काचगृहाचा शेवट मात्र करुण आहे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडे थंडीने मेली, आणि १९२० मध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडण्यात आली.

एका ताडाला जगवण्यासाठी ज्या देशाने इतका कोळसा जाळला, त्याने एका आईला सहा महिन्यांवर ठेवावे, ही विसंगती मुलाला बोचत राहिली. ती खोटीही नव्हे. परंतु या तुलनेत एक गोष्ट त्याच्याही नजरेतून निसटत होती. ताडाला कुणी विचारले नव्हते की तुला यावयाचे आहे काय. आणि आईंनाही त्याने तसे नीटसे विचारले नव्हते. त्याने विचारले होते ते खुर्चीविषयी.

शेवटी बाक मिळाला तो जुन्या सामानाच्या लिलावात. सागवानी, साधा, उभ्या पट्ट्यांच्या पाठीचा, दोन्ही बाजूंना हात असलेला. इंग्लंडच्या बागांतून शेकड्यांनी आढळतो तसला. सागाला ऊनपावसाचे भय नाही. त्याच्या अंगच्या तेलामुळे तो ओल सोसतो, म्हणून तर जहाजे त्याची होत. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारी सागाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे जहाज हार्टलपूलच्या बंदरात आजही तरंगते आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोडीत निघालेल्या लढाऊ जहाजांच्या सागाचे बाक करून इंग्रजी बागांना विकले जात. हा बाक काही तेवढा कुलीन नसावा. पण भक्कम होता, उठताना दोन्ही हातांनी रेटा देता येईल असा होता, आणि त्याच्यावर दोघांना शेजारी बसता येत होते. आईंच्या झोपाळ्यावर नेहमी दोघी बसत: एक त्या, आणि दुसरी जी कुणी आली असेल ती.

बैठक साडेसतरा इंच उंच होती. चारही पाय अडीच-अडीच इंच कापावे लागणार होते.

मुलगा करवत घेऊन बसला आणि थांबला. एवढा चांगला बाक, सहा महिन्यांसाठी कापावयाचा? पायाखाली ठेवण्याचे एखादे चौरंगवजा तिवई घेता येईल. आई गेल्या की ती उचलून ठेवता येईल. बाक सर्वांच्या कामाचा राहील. युक्तिवाद बिनतोड होता. सून म्हणाली, “तिवई पाहुण्यांना देतात.” एवढेच. मग त्याने पाय कापले. एक किंचित तिरका कापला गेला, त्याखाली कातड्याची चकती ठोकली.

आंबे आटोपल्यावर, मेअखेरीस आई आल्या. बाकावर बसल्या, पाय टेकले, तळवे फरशीवर दोनदा घासून पाहिले, आणि “बरा आहे” म्हणाल्या. कुणी मापे घेतली, कुणी करवत चालवली, हे त्यांना सांगण्यात आले नाही. चार दिवसांनी मुलगा कामावरून परतला तेव्हा बाक फिरलेला होता. मुलाने तो बागेकडे तोंड करून ठेवला होता, सर्व काचघरांत ठेवतात तसा. हिरवळ, गुलाब, कुंपणावर येणारा रॉबिन दिसावा म्हणून. आईंनी शेजारणीच्या मदतीने त्याची पाठ बागेकडे केली होती आणि तोंड घराच्या दाराकडे. “तिकडून कोण येणार आहे?” त्या म्हणाल्या. “कुंपणच आहे. येईल तो माणूस या दारातून.”

त्यांचे बरोबर होते. ओटीवर बसणारे माणूस वाटेकडे तोंड करून बसते, शोभेकडे नव्हे. इंग्लंडच्या बांधकामाच्या नियमांत तर हे वेगळ्या शब्दांत लिहिलेलेच आहे. तीस चौरस मीटरहून लहान काचघराला बहुतेक नियमांतून सूट मिळते, पण घर आणि काचघर यांच्यामध्ये बाहेरच्या दाराच्या तोडीचे दार असले पाहिजे. म्हणजे कायद्याच्या लेखी ती खोली घराला लागून आहे, घरात नाही. त्या मधल्या दाराकडे आई तोंड करून बसल्या. दार उघडे ठेवावयाचे, असा त्यांचा आग्रह. कोथिंबीर निवडताना स्वयंपाकघरातल्या सुनेशी त्यांना बोलता येई. संध्याकाळी सून येऊन शेजारी बसे. मुलगा बसला की त्याचे गुडघे छातीशी येत. आईंना त्याचे हसू येई.

सप्टेंबरात त्यांनी परतीच्या तिकिटाचा विषय काढला. परवान्यात अजून दोन महिने शिल्लक होते. मुलाने तसे सांगताच त्या म्हणाल्या, “असू दे रे. दिवाळीला घराला कुलूप नको.” सहा महिन्यांच्या अन्यायावर तो गेले वर्षभर जळत होता, आणि त्यातलेही पुरते त्यांना नको होते. तो रागावला, मग गप्प झाला. कायमचे राहण्याची मुभा असती तर त्या राहिल्या असत्या काय, हे त्याने त्या संध्याकाळी प्रथमच विचारले. आईंनी थोडा वेळ घेतला. “पावसात आले असते,” त्या म्हणाल्या, “आणि गेले असते. पण मग जाताना तू असा बसला नसतास.”

ऑक्टोबरात त्या गेल्या. आता काचघर थंड असते आणि मधले दार लावलेले. पाहुणे आले की विचारतात, बाक असा उलटा का. आणि बसल्यावर म्हणतात, फारच ठेंगणा आहे. सून त्यांना दुसरी खुर्ची आणून देते. परवान्याच्या नव्या अर्जात येण्याची आणि परतण्याची, अशा दोन तारखा भरावयाच्या असतात. पहिली मुलाने भरली. दुसरीसाठी त्याने गावी फोन लावला.